अळीचे नाव कोण सांगणार?

लासूर स्टेशनच्या बाजार समितीत हंगामाप्रमाणे ढीग बदलतात. कधी कापूस, कधी मका, कधी कांदा. या पिकांवर जगणारे कीटकही पिकांइतकेच ओळखीचे झाले आहेत. मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी, कपाशीच्या बोंडात गुलाबी बोंडअळी, पानाखाली पांढरी माशी, कांद्याच्या पातीत फुलकिडे. गंगापूर-वैजापूर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ही नावे तोंडपाठ असतात आणि कृषी सेवा केंद्रात तो या नावांनीच औषध मागतो. मात्र समोर दिसणारा जीव खरोखर त्याच नावाचा आहे, हे कोणी आणि कशावरून ठरवले, असे सहसा कोणी विचारत नाही. अडीचशेहून अधिक वर्षे हे काम डोळा, भिंग आणि सूक्ष्मदर्शक यांच्या आधारे चालले. कार्ल लिनीअसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत पक्की केली आणि तेव्हापासून पंखांवरच्या शिरा, मिशांचे पेर, पायांवरचे काटे मोजत कीटकशास्त्र पुढे आले. गेल्या वीसेक वर्षांत त्याच्या शेजारी दुसरी रीत उभी राहिली, डीएनए बारकोडिंगची. आता यंत्रच नाव सांगेल, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्यांचे काम संपले, असे त्यानंतर वारंवार ऐकू येते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. बारकोडमुळे शरीरलक्षणे वाचणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे, आणि या दोन रीतींचे जिथे पटत नाही तिथेच कीटकाविषयीची सर्वांत उपयोगी माहिती हाती लागते.

मराठवाड्याला हा विषय परका नाही. लासूरहून रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंग आणि जैवविविधतेच्या अभ्यासाचे एक केंद्र आहे. ते पॉल हेबर्ट यांच्या नावाने ओळखले जाते. तिथल्याच डॉ. गुलाब खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदेतल्या माशांचे बारकोड २०१४ मध्ये प्रसिद्ध केले होते. हेबर्ट हे कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ. २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना ऐकायला अगदी साधी आहे. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्यात सीओआय नावाचे एक जनुक आहे. प्राण्यांच्या ओळखीसाठी त्याचा सुमारे ६५८ अक्षरांचा एकच ठरावीक तुकडा वाचायचा. अक्षरे चारच: ए, टी, जी आणि सी. एकाच प्रजातीच्या दोन कीटकांमध्ये या अक्षरक्रमात फारच थोडा फरक असतो, दोन प्रजातींमध्ये तो बराच जास्त असतो, असा हिशेब. नाव हवे असेल तर कीटकाचा एक पाय काढून त्यातला डीएनए वेगळा करायचा, हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवायच्या, क्रम वाचायचा आणि आधीच्या नोंदींशी जुळवायचा. पहिल्याच चाचणीत जवळच्या नात्यातल्या २०० प्रजातींचे पतंग आणि फुलपाखरे घेतली होती आणि त्यांच्या बाबतीत ही रीत शंभर टक्के बरोबर ठरली. साहजिकच जगभर उत्साह पसरला.

शेतीच्या दृष्टीने या रीतीचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. अंडे, अळी, कोष आणि पतंग यांचे रूप कितीही बदलले तरी डीएनए तोच राहतो. शेतात नुकसान करते ती अळी. ओळखीच्या पुस्तकांत मात्र बहुतेक वेळा वर्णन असते ते प्रौढ कीटकाचे, त्यातही अनेकदा नराच्या जननेंद्रियांचे. हुमणीच्या अळ्या जमिनीखाली मुळे कुरतडतात आणि तिचे भुंगेरे पावसाच्या तोंडावर बाभळीवर आणि कडुनिंबावर दिसतात. या दोहोंचे नाते जोडायचे तर पूर्वी अळी पाळून भुंगेरा होईपर्यंत महिनोन्महिने थांबावे लागे. तेवढ्यात ती मेली की सगळे मुसळ केरात. बारकोडमुळे हे नाते काही दिवसांत जोडता येते. आंब्यात किंवा पेरूत सापडणाऱ्या फळमाशीच्या अळीचेही तसेच. मे २०१४ मध्ये युरोपीय महासंघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, तिचे कारण फळमाशीच होती, आणि ती बंदी उठायला २०१५ उजाडले. निर्यातीच्या पेटीत जी सापडते ती पांढरी, पाय नसलेली अळी. तिच्याकडे पाहून कोणती फळमाशी हे अनुभवी माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. इथे बारकोडची बाजू मान्य करण्यात कसलीही खळखळ करण्याचे कारण नाही.

पण यंत्रातून बाहेर पडतो तो अक्षरांचा क्रम. नाव त्यात कुठेच नसते. जमिनीचा गट नंबर माहीत असला म्हणून मालक कळत नाही, त्यासाठी सातबारा काढावा लागतो. आणि सातबाऱ्यावरच नाव चुकीचे चढले असेल तर गट नंबर कितीही अचूक असला तरी व्यवहार चुकीच्या माणसाशी होतो. बारकोडच्या बाबतीत सातबाऱ्याची जागा संदर्भसंग्रह घेतो. बोल्ड नावाचा आंतरराष्ट्रीय संग्रह आणि जनुकक्रमांच्या इतर सार्वजनिक पेढ्या यांत कुणीतरी कधीतरी एखादा कीटक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे नाव ठरवलेले असते आणि त्याचा क्रम त्या नावाखाली ठेवलेला असतो. आपल्या अळीचा क्रम त्याच्याशी जुळला की ते नाव आपल्या अळीला मिळते. मूळ माणसाचा डोळा चुकला असेल तर ती चूक पुढच्या प्रत्येकाकडे जशीच्या तशी जाते, शिवाय तिच्यावर आता डीएनएचा शिक्का बसलेला असतो, म्हणून ती जास्त खरी वाटते. एखाद्या कीटकाचा क्रम संग्रहातच नसेल, तर यंत्र सर्वांत जवळचे नाव दाखवते आणि घाईतला माणूस तेच उत्तर समजून पुढे जातो. भारतातल्या कीटकांची संग्रहातली नोंद अजून विरळ असताना ही शक्यता कल्पनेतली म्हणून सोडून देता येत नाही.

डोळ्याचे काम किती बारीक असू शकते, हे ट्रायकोग्रामाच्या उदाहरणावरून कळते. दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत अंडी घालणारी, एक मिलिमीटरही न भरणारी ही गांधीलमाशी शेतकऱ्याला माहीत आहे ती ट्रायकोकार्डमुळे. तांदळावरच्या पतंगाच्या सुमारे २० हजार परोपजीवीग्रस्त अंड्यांचे कार्ड पानाला टाचून ठेवायचे. मात्र सगळी कार्डे सारखी नसतात. उसाच्या खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस, मक्यावरच्या लष्करी अळीसाठी ट्रायकोग्रामा प्रेटिओसम, कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री अशा शिफारशी आहेत. एके काळी या गटात इतका गोंधळ होता की वेगवेगळ्या प्रजाती मोजक्या नावांखाली कोंबल्या जात. रंग आणि आकार यांवर भरवसा ठेवावा तर ते तापमानाप्रमाणे आणि ज्या अंड्यात माशी वाढली त्याप्रमाणे बदलतात. १९७१ मध्ये बंगळुरूला काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी दाखवून दिले की नराच्या जननेंद्रियांची रचना ही या गटातली भरवशाची खूण आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीचे जननेंद्रिय काचपट्टीवर पसरून पाहायचे, हे काम किती चिकाटीचे असेल ते सांगायला नको. जगभर ट्रायकोग्रामाची वर्गवारी त्या निष्कर्षावर नव्याने उभी राहिली. पुढे डीएनए आला तेव्हा या गटासाठी सीओआयपेक्षा आयटीएस-२ नावाचा दुसरा तुकडा अधिक उपयोगी पडला. तो तुकडा कोणत्या प्रजातीचा, हे ठरवायला मात्र आधी नराची काचपट्टीच हाताशी होती.

आता पांढऱ्या माशीकडे येऊ. दोन्ही रीतींची ताकद आणि दुबळेपणा एकाच ठिकाणी पाहायचा तर याहून बोलका जीव नाही. १८८९ मध्ये गेनाडियस यांनी ग्रीसमध्ये तंबाखूवर सापडलेल्या या कीटकाचे वर्णन केले. आज त्याला बेमिसिया टॅबॅसी म्हणतात. त्यानंतर देशोदेशी, वेगवेगळ्या पिकांवर मिळालेल्या पांढऱ्या माश्यांना नवनवी नावे मिळत गेली. भारतातल्या कपाशीवरच्या माशीचे १९२९ मध्ये मिश्रा आणि लांबा यांनी बेमिसिया गॉसिपिपर्डा असे वेगळे बारसे केले. पांढऱ्या माशीत ओळख होते ती पानाला चिकटून बसलेल्या शेवटच्या पिल्लावस्थेवरून, म्हणजे तिच्या पाठीवरचे केस, कडेच्या खाचा यांवरून. आणि नेमके हेच केस फसवे निघाले. लवदार पानावर वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवर ते लांब असतात; त्याच मादीची पिल्ले गुळगुळीत पानावर वाढली तर आखूड राहतात किंवा दिसतही नाहीत. झाडाच्या पानाने कीटकाचे रूप घडवले होते आणि शास्त्रज्ञांनी त्यावर प्रजाती उभ्या केल्या होत्या. १९५७ मध्ये लुईज रसेल यांनी अशी १८ नावे मोडीत काढून सगळ्यांना टॅबॅसी या एकाच नावाखाली आणले. गॉसिपिपर्डाही त्यातच गेली.

प्रश्न मिटला असे वाटले, पण माशी काही ऐकेना. एकच प्रजाती म्हणावी तर एका देशातली टॅबॅसी एका विषाणूचा प्रसार करी, दुसरीकडची करीत नसे. एकीवर कीटकनाशक चाले, दुसरीवर चालत नसे. १९९९ मध्ये कर्नाटकातल्या कोलार भागात टोमॅटोवर पर्णगुच्छ रोगाची साथ आली, तेव्हा तिथे परदेशातून आलेला एक नवा प्रकार सापडला. दिसायला तो इथल्या माशीसारखाच होता. २०१० च्या सुमारास संशोधकांनी जगभरच्या टॅबॅसीचे सीओआय क्रम एकत्र मांडले. त्यांत साडेतीन टक्क्यांहून जास्त फरक असलेले गट वेगळे धरले, तर निदान चोवीस प्रजाती होतात असे दिसले. पुढे ही संख्या वाढतच गेली. साडेतीनच का, तीन का नको, हा आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर अक्षरे मोजून मिळाले नाही. वेगवेगळ्या गटांचे नर-माद्या एकत्र ठेवून मिळाले. ज्या गटांमध्ये मिलनच होत नाही, किंवा झाले तरी प्रजननक्षम मादी पिल्ले मिळत नाहीत, ते गट खरोखर वेगळे आहेत असे मानायला आधार मिळाला. म्हणजे अठरांची एक झाली हे बरोबर होते, कारण केसांवरून केलेले ते भेद खोटेच होते. आणि एकीच्या चोवीसहून अधिक झाल्या हेही बरोबर आहे, फक्त त्या अठरा आणि या चोवीस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

बारकोडच्या पुरस्कर्त्यांनी इथे टाळ्या वाजवण्याआधी पुढची गोष्टही ऐकावी. या चोवीसांत मीम-२ नावाचा एक गट होता. त्यावर निबंध निघाले, नकाशांत त्याला जागा मिळाली. २०१७ मध्ये असे सिद्ध झाले की मीम-२ नावाची माशी अस्तित्वातच नाही. मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाची एक जुनी, निकामी प्रत कधीतरी पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएत जाऊन बसली होती. प्रयोगशाळेत खऱ्या जनुकाऐवजी तीच वाचली गेली आणि कागदावर एक नवी प्रजाती जन्माला आली. अशा निकामी प्रती टोळांमध्ये तर इतक्या असतात की नुसत्या बारकोडवर विसंबले तर प्रजातींची संख्या फुगते. म्हणजे केसांनी फसवले तसे अक्षरांनीही फसवले. फरक इतकाच की केसांची फसवणूक उघडी पडायला सत्तर वर्षे लागली आणि अक्षरांची दहापेक्षा कमी.

फळमाशीत नेमके याच्या उलट घडले. पूर्व आफ्रिकेत २००३ मध्ये सापडलेल्या एका फळमाशीला २००५ मध्ये बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स असे नवे नाव मिळाले, कारण तिच्या पाठीवरच्या रंगाची ठेवण आशियातल्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या फळमाशीपेक्षा वेगळी दिसत होती. नावाबरोबर निर्बंध आले, बाजारपेठा बंद झाल्या. मग पंखांची मोजमापे, जननेंद्रिये, डीएनए, मिलनाचे प्रयोग, कामगंध यांचा एकत्र अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये इन्व्हाडेन्ससह तीन नावे डॉर्सालिसमध्ये विलीन करण्यात आली. रंगाने एकीच्या अनेक केल्या होत्या. हा निकाल कुणा एका रीतीने लावला नाही, आणि म्हणूनच तो टिकला.

लासूर भागाला सर्वांत जवळचे उदाहरण मक्यावरच्या लष्करी अळीचे. मूळची अमेरिका खंडातली ही अळी २०१६ च्या सुरुवातीला आफ्रिकेत आढळली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात मक्यावर दिसली. तिथल्या कृषी आणि फलोद्यान विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी शरीरलक्षणे आणि बारकोड दोन्ही ताडून ती स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यात आणि मग महाराष्ट्रभर पसरली. मक्यावर खोडकिडा, घाटे अळी, जुनी लष्करी अळी असे आधीचे गिऱ्हाईक होतेच, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ झाला. पण मोठ्या झालेल्या अळीची ओळख शेतातच पटते: डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट रेघ आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात बसलेले चार ठळक काळे ठिपके. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा असेल तर शंकेला जागा उरत नाही. अशा अळीचा पाय प्रयोगशाळेत पाठवणे म्हणजे वेळ आणि पैसा वाया घालवणे, हे बारकोडच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

मग इथे डीएनएने काय दिले? या अळीचे अमेरिकेत दोन वंश आहेत, एक मुख्यतः मक्यावर जगणारा आणि दुसरा भात व गवतांवर. दिसायला दोन्ही अगदी सारखे. भारतातल्या मक्यावरच्या अळ्यांचे बारकोड पाहिले तेव्हा बहुतेकींवर भातवंशाची खूण निघाली. नुसत्या त्यावर थांबलो असतो तर पुढचे भक्ष्य भात असे सांगून कोकणापासून भंडाऱ्यापर्यंत घबराट उडवता आली असती. पण नागोशी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये लिंग-गुणसूत्रावरचे टीपीआय हे दुसरे जनुकही तपासले, तर तिथे मकावंशाची खूण. एकाच अळीत दोन साक्षी आणि दोन्ही परस्परविरुद्ध. उलगडा असा की मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. कधीतरी भातवंशाची मादी आणि मकावंशाचा नर यांचा संकर झाला; त्यांच्या वंशजांत आईची खूण मायटोकॉन्ड्रियात टिकून राहिली, वागणे मात्र मकावंशाचे. दक्षिण आफ्रिका आणि भारत इथल्या अळ्यांत हाच मेळ सापडला, त्यामुळे दोन्हीकडची आवक एकाच मुळातून अलीकडे झाली असावी हेही कळले. शेतातले निरीक्षण सांगत होते मका, बारकोड सांगत होता भात. हे भांडण दाबून टाकले असते तर यातले काहीही कळले नसते.

यावर एक आक्षेप अगदी व्यवहारातला आहे. शेतकऱ्याला शास्त्रीय नावाशी काय देणेघेणे? अळी दिसली, फवारले, मेली, विषय संपला. पण विषय असा संपत नाही, हे कपाशीने शिकवले आहे. २००२ पासून आलेल्या बीटी कपाशीतली प्रथिने बोंडअळ्यांसाठी होती. पांढरी माशी, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांना त्यांचा काहीच उपद्रव नव्हता, आणि बोंडअळ्यांतही गुलाबी अळीने प्रतिकारशक्ती कमावली. तिच्यासाठी कामगंध सापळ्यात लावली जाणारी गोळी फक्त तिच्याच नरांना ओढते, ठिपक्यांच्या बोंडअळीला नाही. परोपजीवी तर याहून निवडक. २००५ नंतर कपाशीवर पिठ्या ढेकणाची साथ आली तेव्हा तो नेमका कोणता, यावर आधी मतभेद होते. तो फेनाकॉकस सोलेनोप्सिस हे नक्की झाल्यावर चित्र स्पष्ट झाले. पुढे त्याला आतून पोखरणारी एक चिमुकली गांधीलमाशी शेतांत मोठ्या संख्येने सापडली. अलीगढचे मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये ती नवी प्रजाती म्हणून वर्णिली आणि कीटकशास्त्रज्ञ बंबावाले यांच्यावरून तिचे नाव ठेवले. नंतर ती अमेरिकेतून पूर्वीच वर्णन झालेली एनॅसियस ॲरिझोनेन्सिस ठरली. बंबावाल्यांचे नाव गेले, पण ढेकूण आणि त्याचा शत्रू हे दोघेही एकाच खंडातले, हे त्यामुळे उघड झाले. नाव बदलण्यातून असा पत्ता लागतो. तो लागायला मूळ नमुने संग्रहात जपलेले असावे लागतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शरीरलक्षणांवरून काम करणारे वर्गीकरणतज्ज्ञ मोजके आहेत, त्यांचे काम संथ आहे आणि अनामिक कीटक लाखोंनी आहेत. मग त्यांची वाट का पाहायची? २०२१ मध्ये काही संशोधकांनी कोस्टारिकातल्या परोपजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या प्रजाती एका दमात जाहीर केल्या. बहुतेकींसाठी एक बारकोड आणि एक छायाचित्र, एवढेच वर्णन. त्यावर जोरदार टीका झाली, आणि ती योग्यच होती. ज्या देशात प्रयोगशाळा सहज उपलब्ध नाही तिथल्या माणसाने या प्रजाती ओळखायच्या कशा? आणि प्रत्येक गट खरोखर प्रजातीच आहे हे तपासले कोणी? कोस्टारिकातल्याच एका फुलपाखराची हकीकत याआधी गाजली होती. २००४ मध्ये हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी ॲस्ट्रॅप्टिस फुल्गरेटर हे एक फुलपाखरू वास्तविक दहा प्रजातींचा समूह असल्याचे सांगितले. दोन वर्षांनी ब्राऊवर यांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि दहा म्हणण्याइतका पुरावा नाही, तीन ते सात म्हणता येतील, असे दाखवले. तरीही त्या अभ्यासाचा पाया भक्कम होता, कारण त्यामागे हजारो अळ्या गोळा करून, प्रत्येकीचे रंग आणि खाद्यझाड टिपून, फुलपाखरू होईपर्यंत पाळण्याचे कित्येक वर्षांचे काम होते. बारकोडला अर्थ आला तो त्या वह्यांमुळे. द्विपंखी कीटकांच्या, म्हणजे माश्या-डासांच्या ४४९ प्रजातींवरचा २००६ मधला अभ्यासही डोळ्यांआड करू नये. तिथे बारकोडने बरोबर नाव सांगण्याचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आतच राहिले होते. पतंगांवरचे शंभर टक्के यश सगळ्या कीटकांना लावता येत नाही.

तज्ज्ञ संथ आहेत हे मात्र खरेच आहे, आणि तिथे बारकोडचा सर्वांत चांगला उपयोग होतो. हजार नमुन्यांतून आधी बारकोडने ढीग पाडायचे, मग प्रत्येक ढिगातले थोडे नमुने तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. सगळे हजार पाहण्याची गरज उरत नाही. जिथे एकाच ढिगात दोन चेहरे दिसतील किंवा दोन ढिगांत एकच चेहरा दिसेल, तिथे त्याने आपला वेळ खर्च करावा. मोबाइलवर छायाचित्र काढून कीड ओळखणाऱ्या ॲपलाही हेच लागू आहे. त्याला शिकवलेली छायाचित्रे कुणीतरी आधी बरोबर ओळखलेली असावी लागतात. महाराष्ट्रात २००८ मधल्या सोयाबीनवरच्या अळ्यांच्या उद्रेकानंतर क्रॉपसॅप ही कीड सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. सर्वेक्षक शेतोशेती जाऊन किडींची संख्या नोंदवतात. त्या नोंदींसोबत प्रत्येक हंगामात थोडे नमुने जपून ठेवायला फार खर्च येणार नाही. शुद्ध अल्कोहोलची छोटी बाटली, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, कारण अल्कोहोलमध्ये पेनची शाई विरघळून जाते, आणि चिठ्ठीवर पीक, गाव, तारीख. नाव नसले तरी चालेल; पीक आणि ठिकाण नसेल तर नमुना जवळजवळ निरुपयोगी.

कांद्यावरच्या फुलकिड्यापाशी हे सगळे एकत्र येते. थ्रिप्स टॅबॅसीचेही वर्णन पांढऱ्या माशीप्रमाणे १८८९ मध्येच, तंबाखूवरूनच झाले. योगायोग म्हणून सोडून देऊ. लांबी जेमतेम मिलिमीटरभर. पातीवर पांढरे चट्टे पाडण्यापुरताच त्याचा उपद्रव असता तर गोष्ट वेगळी. तो आयरिस येलो स्पॉट नावाचा विषाणूही पसरवतो, आणि त्या विषाणूची भारतातल्या कांद्यावरची नोंद २००६ मध्ये जालना आणि नाशिक भागातूनच झाली. बारकोडने जगभरच्या थ्रिप्स टॅबॅसीचे तीन वंश दाखवले आहेत, एक तंबाखूशी आणि दोन कांदा-लसणाच्या कुळाशी जोडलेले. त्यांना वेगळ्या प्रजाती म्हणावे की नाही यावर एकमत नाही. इतक्या लहान जीवाचा पाय तोडण्यात अर्थ नसतो आणि पूर्वी डीएनएसाठी अख्खा कीटक चिरडावा लागे, म्हणजे बारकोड मिळाला की शरीर गेले. आता त्याला न चिरडता प्रथिने विरघळवणाऱ्या विकराच्या द्रावणात ठेवतात. आतला मऊ भाग विरघळतो, त्यातून डीएनए काढून क्रम वाचला जातो. बाहेरचे कवच, मिशांच्या पेरांसह आणि पंखांवरच्या केसांसह, शाबूत राहते. ते धुऊन काचपट्टीवर चढवतात आणि त्या काचपट्टीवर त्याच कीटकाच्या बारकोडचा क्रमांक लिहितात.